त्याच ताग्यातला कोरा तुकडा

अण्णा, मध्यंतरी मी आमच्या मॅडमना त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच मायक्रोस्कोपवर चूक दाखवली आणि आज वर त्यांच्याच हातचा चहा पिऊन आले. तुम्ही असतात तर आधी म्हणाला असतात, "फार शहाणी झालीस," आणि मग आईला हाक मारून मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं असतंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता घरात तुमचा विषय पितृपक्षात निघतो, नाहीतर कुणाचा शर्ट पहिल्याच धुण्यात विटला की. पण आजची गोष्ट आईला सांगून भागणार नाही. ती मान डोलवेल, कौतुक करेल आणि जेवलीस का विचारेल. ही गोष्ट रंगाऱ्यालाच सांगायला हवी, आणि रंगाऱ्यांतही तुम्हालाच, कारण तिच्यात आपल्या धाकट्याच्या नाकातली ती गाठ आहे. ती गाठ आपल्या रंगामुळे झाली असं तुम्ही मनात धरलंत आणि ते धरूनच गेलात. तसं नव्हतं, अण्णा. खरं तर हे एक वाक्य सांगायला बसलेय, पण मी तुमचीच मुलगी, एका वाक्यात आवरणार कशी!

डोंबिवलीत मानपाड्याच्या पुढे एमआयडीसीतली तुमची ती कापड रंगवायची कंपनी. फाटकापासूनच वाफेचा आणि सोड्याचा वास यायचा, आणि मागच्या नाल्यात डोकावून आज कुठला रंग लागलाय हे आपल्या चाळीतली पोरं पैजेवर सांगायची. तुम्ही तिथले कलर मास्टर. व्यापाऱ्याने आणलेल्या बोटभर चिंधीशी अख्खा माल जुळवायचा, आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक तागा बाहेर जायचा नाही. दहावीच्या सुट्टीत मी हट्टाने तुमच्याबरोबर आले तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. उत्तरेच्या खिडकीपाशी तुमचं टेबल, टेबलावर मोरपंखी रंगाचे दोन तुकडे, आणि तुम्ही भुवया चढवून विचारताय, "काय गं, जुळला?" मी दोन्ही तुकडे शेजारी धरते आणि मोठ्या तोऱ्यात सांगते, "जुळला!" चार कामगारांसमोर तुम्ही माझ्या हातातले तुकडे काढून घेता. "कोऱ्याशी लावून बघितलंस? नाही ना? मग कशाच्या जिवावर बोललीस?"

मला रडूच आलं होतं. मग तुमचा आवाज उतरला आणि तुम्ही समजावून सांगितलंत. प्रत्येक मालाबरोबर तुम्ही एक कोरा तुकडा चालवायचात. तेच पाणी, तेच मीठ, तोच सोडा, तेवढीच वाफ, फक्त रंग घालायचा नाही. "पाणी पण रंग चढवतं, पोरी. पाण्यात लोखंड असलं की कापड पिवळट पडतं, आणि आपण समजतो आपल्या रंगानेच केलं. आधी बाकी सगळ्यांनी काय केलं ते बघ, मग रंगाने काय केलं ते बोल." तेवढ्यात कुणीतरी घाईघाईने एक कोरा तुकडा आणून दिला. तुम्ही तो नुसता चिमटीत धरलात आणि परत केलात. "हा दुसऱ्या ताग्याचा आहे. याची तहान वेगळी. त्याच ताग्यातला आण." चिमटीत धरून कसं कळलं हे मी घरी येईपर्यंत विचारत होते, आणि तुम्ही मिशीत हसत होतात.

त्याच वर्षी धाकट्याचा घोळणा फुटायला लागला. तेरावं सरत आलेलं, मिसरूड फुटायचं वय. पहिल्यांदा झालं तेव्हा तो मोरीवर वाकून उभा आणि आई त्याच्या डोक्यावर तांब्याने गार पाणी ओततेय. तुम्ही म्हणालात, "उन्हात क्रिकेट खेळतो, दुसरं काय." आईने कांदा फोडून हुंगायला दिला, दूर्वांचा रस नाकात सोडला, रोज सब्जा पाजला. घोळणा थांबायचा आणि आठवड्याने परत फुटायचा. मग त्याची एक नाकपुडी कायमचीच बंद झाली. तो तोंड उघडं टाकून झोपायला लागला आणि मी त्याला बेडूक म्हणून चिडवायला लागले. कुणी म्हणालं नाकाचं हाड वाढलंय, कुणी म्हणालं सर्दी जुनी झालीय. शेवटी डोंबिवलीतल्याच एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं आणि हात चटकन मागे घेतला. "याला इथे कुणी हात लावायचा नाही. ही गाठ आहे. कॅन्सर नाही, पण रक्ताने गच्च भरलेली आहे. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्या." वाढत्या वयातल्या मुलग्यांनाच होते, क्वचित होते, एवढं त्यांनी सांगितलं. का होते, ते तुम्ही विचारलं नाहीत. तुमची नजर स्वतःच्या नखांवर होती. त्या दिवशी ती जांभळी होती.

ऑपरेशनला रक्त लागेल, माणसं आणा, असं हॉस्पिटलने सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीतली तुमची अख्खी पाळी तिथे हजर! तो देखावा आठवला की आजही माझा ऊर भरून येतो. कुणाची बोटं निळी, कुणाचे कोपरापर्यंतचे हात किरमिजी, आणि सगळे शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे. सिस्टर पहिल्याच्या हाताकडे बघून किंचाळल्या, "अहो, हे काय लागलंय? धुऊन या आधी!" तो बापडा म्हणाला, "सिस्टर, सकाळपासून तीनदा धुतलेत. हा साबणाने नाय जात, नखाबरोबरच जाणार." मागून दुसरा म्हणतो, "आतलं लालच हाय, घ्या बिनधास्त!" सगळी रांग हसली, सिस्टरही हसल्या. आणि तुमचा नंबर आला तेव्हा तुम्ही हळूच त्यांना म्हणालात, "माझं नको. माझ्या रक्तात रंग असेल." त्यांना वाटलं हीसुद्धा गंमतच. मी चहाचा थर्मास घेऊन तुमच्या मागेच उभी होते, आणि मला गंमत वाटली नाही. बाकीच्यांच्या रक्ताबद्दल तुम्हाला कसलीच शंका नव्हती. तेही त्याच वाफेत, त्याच पाण्यात उभे राहायचे. पण गुन्हेगार तुम्हाला एकच हवा होता.

ऑपरेशन चांगलं झालं. पण तुम्ही बदललात. कंपनीतच नळाखाली आंघोळ करून, वेगळ्या पिशवीतले कपडे घालून घरी यायला लागलात. चपला जिन्यातच राहायच्या. धाकटा पाठीवर उडी मारायला धावला की तुम्ही त्याला हाताच्या अंतरावर थोपवायचात, आणि त्याला वाटायचं आपण मोठे झालो म्हणून अण्णा लाड करत नाहीत. तुम्ही आईला म्हणालात, "मी घरात काय काय घेऊन आलो इतकी वर्षं, कुणास ठाऊक." आई चिडली, "काहीतरीच बोलू नका!" पण तिच्याकडे पुरावा नव्हता, आणि तुम्ही तर पुराव्याशिवाय कुणाचं ऐकणारे नव्हेत. तो धाकटा आता दिवा स्टेशनजवळ पोळी-भाजी केंद्र चालवतो, अण्णा. पोटाचा घेर तुमच्यावर गेलाय, बायकोशी भांडण पाण्याच्या टँकरवरून. आणि नाक कसलं तिखट! गल्लीच्या तोंडाशी असतानाच ओरडतो, "अगं, आमटी खाली लागतेय!" ती खरंच लागत असते. तुम्ही त्याला गावभर मिरवलं असतंत.

आता आजचं. मी ठाण्याला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, हे तुम्ही गेल्यानंतरचं. ऑपरेशनमध्ये काढलेले मांसाचे तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे केसाहून पातळ काप काढून काचेवर चढवायचे आणि रंगवायचे. बघा, शेवटी तुमच्याच धंद्यात आले. आमच्या मॅडम आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी एक तरुण डॉक्टरीण गेलं वर्षभर याच गाठीवर काम करताहेत, धाकट्याला होती तशाच. शरीरात पहारा देणाऱ्या पेशी असतात. जंतू आला की ओळखण्यासाठी त्यांच्या अंगावर काही खास जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. जंतू नसतानाच हे रिसेप्टर जागे झाले तर ते या गाठीला वाढायला मदत करतात का, हा मॅडमचा प्रश्न. रिसेप्टर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यालाच जाऊन चिकटेल असं औषध कापावर सोडायचं आणि मग त्या जागी तपकिरी रंग उठवायचा. तुम्हाला हे समजवायला नको. सुतावर चढणारा रंग पॉलिस्टरवर चढत नाही, तसलाच प्रकार.

जुन्या गाठींचे सगळे काप मी रंगवले आणि काय सांगू, जिकडे तिकडे तपकिरी! रक्तवाहिन्यांच्या काठाकाठाने नुसती तपकिरी नक्षी. तरुण डॉक्टरीण खुर्चीतून उडालीच, मॅडमनी दोन-चार काचा बघितल्या आणि त्यांचा चेहरा फुलला. परिषदेला पाठवायचा मजकूर लिहायलासुद्धा घेतला. मॅडम हुशार आहेत हो, पण हवं ते दिसलं की माणूस दुसऱ्यांदा बघत नाही. कोरा तुकडा आमच्याकडेही चालवतात, म्हणजे औषध न लावलेला काप, आणि तो अगदी स्वच्छ आला होता. पण तो होता टॉन्सिलचा. सगळीकडे तसाच लावतात, सोयीचा पडतो. तो स्वच्छ काप बघून सगळ्यांचं समाधान झालं आणि माझ्या कानात तुम्ही बोललात. हा दुसऱ्या ताग्याचा आहे. याची तहान वेगळी.

म्हणून मी कुणाला न विचारता एका गाठीचाच काप घेतला, सगळ्या पायऱ्यांतून चालवला, फक्त औषध लावलं नाही. तो कोरा यायला हवा होता. तो तपकिरी आला, अण्णा. तीच नक्षी, तेच काठ. पुढचं मला लगेच कळलं. तपकिरी रंग उठवायला आम्ही एक एन्झाइम वापरतो आणि तसंच काम करणारं काहीतरी रक्ताच्या लाल पेशींत मुळातच असतं. ते आधी पेरॉक्साइडने मारावं लागतं. हो, तेच, तुम्ही कापड पांढरं करायला वापरायचात ते. टॉन्सिलात रक्त कमी, तिथे कसंही भागलं; ही गाठ म्हणजे नुसतं रक्त, तिला ताजं आणि भरपूर पेरॉक्साइड हवं. आणि आमची बाटली उघडून किती दिवस झाले होते? ती मीच उघडली होती. झाकणावर तारीख टाकायचं काम माझं, आणि मी टाकली नव्हती. शिळं पेरॉक्साइड पाण्यापेक्षा फार बरं नसतं हे मी तुमच्याकडूनच ऐकलं होतं. म्हणजे मॅडमची चूक दाखवायची तर आधी माझीच चूक बाहेर पडणार होती. काच खिशात घालून मी अख्खा एक दिवस फिरले. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले. "मॅडम, ही जरा बघता?" त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, "सुरेख आलीय. कुठल्या पेशंटची?" मी म्हटलं, "हिला औषध लावलेलंच नाही." त्यांनी डोकं वर केलं नाही. काच इकडून तिकडे सरकवत राहिल्या. मग चष्मा काढला. "वर्षाचं काम आहे हे. तुम्हाला कळतंय ना?" मी म्हटलं, "कळतंय. बाटली मीच उघडून ठेवली होती. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण हे लिहून पाठवू नका." त्या रागावल्या, चांगल्या खणखणीत रागावल्या. तरुण डॉक्टरीण दारात उभी राहून रडायला लागली. आणि मग मॅडम म्हणाल्या, "सगळे काप पुन्हा नव्याने काढा. प्रत्येक गाठीचा स्वतःचा कोरा काप लावायचा. हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हटलं, "माझे वडील कापड रंगवायचे."

त्यानंतर कित्येक आठवडे मी मान मोडून काम केलं. ताजं पेरॉक्साइड, दुप्पट वेळ, प्रत्येक गाठीला तिचा कोरा. आज शेवटच्या काचा आल्या. कोरे काप सगळे स्वच्छ, तुम्ही टेबलावर ठेवून घेतले असते इतके स्वच्छ! आणि औषध लावलेल्या कापांवरची ती भरगच्च नक्षी गेली. राहिले ते थोडेसे तपकिरी ठिपके, सुटेसुटे, जिथे गाठ वाढत होती त्या कडेलाच जास्त. थोडे, पण खरे. मॅडम कितीतरी वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "मागच्यापेक्षा कितीतरी कमी आहे, आणि आता मी कुणाहीसमोर उभी राहून हे सांगू शकते." मग उठून त्यांनी स्वतः किटली लावली. चहा पांचट होता. मी दोन कप प्यायले. त्यांच्या शोधनिबंधात माझंही नाव घालणार आहेत, अण्णा, नुसते आभार नव्हेत, नाव! आपल्या चाळीत कुणाचं नाव कशावर छापून आलं असेल तर ते वीजबिलावर.

पण ही सगळी बढाई बाजूला ठेवा. चहा पिताना, ज्यांच्या या गाठी होत्या त्या मुलांचे फॉर्म टेबलावरच होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाची माहिती भरून घेतलेली, आणि त्यात एक रकाना होता वडिलांच्या व्यवसायाचा. मी एकेक फॉर्म उलटायला लागले. शेतकरी. शाळामास्तर. रिक्षा चालवतो. आचारी. मासेमारी. देवळात पुजारी. पुन्हा शेतकरी. शेवटचा फॉर्म उलटला आणि एकही रंगारी निघाला नाही. आणि दुसरी बाजू बघा. रक्त द्यायला आलेल्या त्या रांगेतल्या सगळ्यांना मुलगे होते. त्या मुलग्यांचे बापही तेच कपडे घालून घरी यायचे, पोरांना त्याच हातांनी घास भरवायचे. एकाला तरी झाली का अशी गाठ? सगळे धडधाकट आहेत, दोघांची तर टकलं पडलीत. रंग नाही तिथे गाठ आहे, रंग आहे तिथे गाठ नाही. आयुष्यभर कोऱ्या तुकड्याशिवाय एक वार कापड पास केलं नाहीत तुम्ही, आणि स्वतःचा गुन्हा मात्र कशाशीही न लावता पास करून टाकलात!

तरी मी मॅडमना सरळच विचारलं, कारण दहा-वीस फॉर्मांवर निकाल द्यायचा नसतो हे मलाही कळतं. त्या म्हणाल्या, "ही गाठ नेमकी का होते हे मी तुम्हाला आजही पुरतं सांगू शकत नाही. वयात येतानाचे बदल आहेत, त्या जागेच्या रक्तवाहिन्या आहेत, कदाचित आपले हे ठिपके आहेत. पण बापाच्या शर्टावरून मुलाला होते असं मी कुठे वाचलेलं नाही, बघितलेलं नाही. कोण म्हणालं असं?" मी म्हटलं, "वडिलांना वाटायचं." मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मला हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते. सुटलात तुम्ही, अण्णा. बाइज्जत सुटलात! मॅडम मागून म्हणाल्या, "अरेरे. तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही का?" मी नाही म्हटलं.

ते अर्धंच खरं होतं. तुम्ही विचारलं होतंत, आणि मलाच विचारलं होतंत. लॅबच्या कोर्सला जायला लागून मला तीन महिने झाले होते, पांढरा कोट मिळाला होता आणि घरात माझा भाव वधारला होता. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होतात. वर न बघता म्हणालात, "तू शिकतेस ना आता. रंगाने होतं का गं असं, पोरांना?" मला काय ठाऊक? उद्या सरांना विचारून सांगते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण इतकं शिकून बापासमोर माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली. मी वहीतून डोकं न काढता म्हटलं, "होत असेल. केमिकलच ना शेवटी." तुम्ही नुसतं हं केलंत आणि उरलेला लसूण सोलून वाटीत ठेवलात. पुढच्या महिन्यात तुम्ही कंपनी सोडलीत आणि कल्याणला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागलात. आईला वाटलं गुडघ्यांनी दगा दिला, धाकट्याला वाटलं साहेबाशी वाजलं. मी कुणालाच काही बोलले नाही. आजही हे लिहू शकले ते पत्र कुठे जायचं नाही म्हणून. माहीत नाही, एवढंच म्हणायला हवं होतं मी, अण्णा.